दुसऱ्या बाजूवरच्या बाई

मित्रांनो, माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगात 'इंग्रजी' असे लिहिले आहे, पण तेवढ्यावरून मला विद्वान समजू नका. मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. एका कॅसेटचा, पाच बटणांचा, वर उचलायला मूठ असलेला. पाठीवरचे नाव शाळेतल्या शिपाईकाकांनी रंगवले. कारण गाण्याच्या बाई एकदा मला न विचारता घेऊन गेल्या होत्या आणि इंग्रजीच्या बाईंनी मला परत आणताना जिन्यात असे भांडण केले की तिसऱ्या मजल्यावरचे वर्ग गप्प झाले. माझ्यासाठी कोणी भांडावे, ही माझ्या आयुष्यातली पहिली मानाची गोष्ट. त्या भांडणाऱ्या बाईंचीच हकिगत मला सांगायची आहे.

तसा माझा जन्म साधाच. एक लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना खाली माना घालून तारांना डाख देणाऱ्या बायका, आणि टेबलाच्या शेवटी माझी परीक्षा घेणारी एक बाई. तिला त्या दिवशी सपाटून सर्दी झाली होती. तिने माझे लाल बटण दाबले, "एक, दोन, तीन, चार" म्हटले आणि पाचाच्या जागी शिंकली. मग तिने ते परत लावून ऐकले, स्वतःशीच हसली आणि मला पास करून पुढे ढकलले. माझ्या पोटात गेलेला पहिला आवाज तो. तेव्हापासून मला माणसांच्या ठरवून बोललेल्या शब्दांपेक्षा मध्येच निसटलेले आवाज जास्त आवडतात.

शाळेत आलो तेव्हा माझे फार कौतुक झाले. पण नव्याचे नऊ दिवस. शाळेच्या कारकुनांनी मला कपाटात ठेवून कुलूप लावले. यंत्र वापरले की बिघडते, तेव्हा न वापरलेले बरे, असे त्यांचे गणित होते. भिजेल म्हणून पावसात छत्री न उघडणाऱ्यातले ते गृहस्थ. वर्षातून एकदा संमेलनाच्या तालमींना मला बाहेर काढत आणि परत कोंडत. दोन वर्षे मी त्या कपाटात नकाशांच्या गुंडाळ्या आणि एक फुटका पृथ्वीगोल यांच्या संगतीत काढली. माझ्या आतला रबरी पट्टा कडक होत चालला होता आणि मला कोणी विचारत नव्हते.

मग इंग्रजीच्या बाई आल्या. उंच, किडकिडीत, बाहीला कायम खडू लागलेला. त्यांचा आवाज गोड होता असे मी म्हणणार नाही. तो थोडा खरखरीत होता, पण शेवटच्या बाकापर्यंत न ओरडता पोहोचायचा. त्यांनी कारकुनांकडे किल्ली मागितली. बिघडला तर जबाबदार कोण, असे कारकुनांनी विचारले. "न वापरता बिघडला तर तुम्ही, वापरून बिघडला तर मी," असे बाई म्हणाल्या आणि मला मुठीला धरून नववीच्या वर्गात घेऊन गेल्या. दर सोमवारी त्या कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून माझी आतली बाजू पुसत. आजवर माझ्यावर एवढी माया कोणी केली नव्हती, हे मी उघड सांगतो.

आता तुम्ही म्हणाल, इंग्रजीच्या तासाला टेपरेकॉर्डर कशाला? मलाही तेच वाटले होते. त्या वर्गात माझ्या आधी वाचन म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. एकाने उभे राहायचे, उतारा संपवायचा, बसायचे. बाईंनी पहिल्या दिवशी एका मुलाचे वाचन माझ्यात घेतले आणि त्यालाच ऐकवले. ऐकून तो स्वतःच म्हणाला, "बाई, हे मला काही कळून वाचलेलं वाटत नाही." तिथून खरे शिक्षण सुरू झाले. एकच परिच्छेद तीन जणांनी तीन तऱ्हांनी वाचायचा, सगळ्यांनी ऐकायचे आणि मग फळ्याशी भांडायचे. लेखकाने हे वाक्य एवढे लांब का ठेवले? इथे एकदम तोडले का? हा शब्द काढला तर काय पडेल? कोणी काही म्हटले की बाई एकच शब्द विचारत, "पुरावा?" मग ते पोर पुस्तकात बोट घालून ओळ दाखवायचे. मला वाटते म्हणून, हे उत्तर त्या वर्गात चालत नसे.

एकदा पुस्तकात एका नगराध्यक्षाचे भाषण आले. फार जोरदार भाषण. वाचणाऱ्या मुलाच्या अंगावर काटा आला होता. बाईंनी ते माझ्याकडून दोनदा ऐकवले आणि मुलांना फक्त मोजायला लावले. 'आपण' किती वेळा, 'मी' किती वेळा. 'आपण' एकवीस वेळा निघाले. 'मी' एकदाच, तेही आभार मानताना. मग बाईंनी विचारले की या माणसाने स्वतः नेमके काय केले? वर्ग बराच वेळ पुस्तक चाळत बसला आणि मग हसत सुटला. व्याकरणही त्या असेच शिकवत. 'काच फुटली' आणि 'मी काच फोडली' यांतला फरक त्यांनी नियम न सांगता शिकवला. पहिल्या वाक्यात काच एकटीच असते, म्हणाल्या, माणूस खिडकीतून पळून गेलेला असतो. तेव्हापासून त्या वर्गात कोणी 'वही राहिली' म्हटले की बाकीचे ओरडत, "पळाला, पळाला!"

बाईंचे माझ्याबाबत दोन नियम होते. एक, ज्याचा आवाज घ्यायचा त्याला आधी विचारायचे. न विचारता कोणाचा आवाज घेणे म्हणजे खिशात हात घालणे, असे त्या म्हणत. दुसरा, आठवड्याचे सगळे शुक्रवारी पुसायचे. चुकलेले वाचन कोणाच्या कपाटात पडून राहिले की माणूस पुन्हा तोंड उघडायला भितो, हे त्यांचे कारण. कॅसेटही एकच, आणि वापरायची तिची पहिली बाजूच.

हे पुसणे कसे होते ते सांगितलेच पाहिजे. कॅसेट पुसायची तर तिच्यावर दुसरे काही घ्यावे लागते. म्हणून शुक्रवारच्या शेवटच्या तासाला बाई माझे लाल बटण दाबत आणि मुले न बोलता निबंध लिहीत. अर्धा तास. त्या अर्ध्या तासात माझ्यात फक्त पेनांची कुरकुर जायची, एखादा खोकला, बाक सरकल्याचा आवाज. बाकीच्या शाळेत शिस्तीसाठी शांतता असते. आमच्या वर्गात ती कॅसेटवर घेण्यासाठी असायची, म्हणून मुलेही ती मन लावून पाळायची.

त्या वर्गात एक मुलगी होती. तिला सगळे आगगाडी म्हणत, कारण ती वाचायला लागली की मधली एकही खूण तिला थांबवू शकत नसे. पूर्णविराम आला तरी ती शिट्टी देऊन पुढे जायची. बाईंनी तिला माझ्या देखभालीचे काम दिले. इतरांचे वाचन थांबवता थांबवता ती स्वतः थांबायला शिकेल, असा त्यांचा बेत असावा. आगगाडी मला जिवापाड जपायची. फक्त तिची घाई काही सुटेना.

एका सोमवारी नावाड्याची कविता सुरू झाली. नदीवर पूल होतो. लोक पुलावरून जाऊ लागतात. तरी म्हातारा नावाडी सकाळी उठून रिकामी होडी पलीकडे नेतो, काठावर थोडा थांबतो, आणि शेवटची ओळ येते. 'आणि परत वल्हवत आला.' इंग्रजीत हे तीनच शब्द आहेत. त्या दिवशी एका मुलाचे वाचन घ्यायचे ठरले होते. आगगाडीने कॅसेट माझ्यात घातली, ती घाईत उलटी, म्हणजे दुसरी बाजू वर. तशीच बटणे दाबून तयार राहिली. पण बाई कविता सांगण्यात अशा रंगल्या की वाचनाची वेळच आली नाही. आगगाडीही ऐकता ऐकता बटणे विसरली. अर्ध्या तासाने माझी फीत संपली, 'खट्' झाले, आणि तिची पाचावर धारण बसली. न विचारता आवाज घेतला होता, तोही बाईंचा. तिने गुपचूप कॅसेट काढून सुलटी करून घातली आणि तोंडाला कुलूप लावले. भिंतीला कान असतात म्हणतात. मला कान आहेत आणि पोटही आहे, पण तोंड दुसऱ्याने बटण दाबल्याशिवाय उघडत नाही. मीही गप्प राहिलो.

शुक्रवारी नेहमीप्रमाणे पहिली बाजू पुसली गेली. दुसरी तशीच राहिली.

मित्रांनो, एक गोष्ट मला सगळ्यांच्या आधी कळली होती. आवाजाबरोबर हलणारी एक बारीक सुई माझ्या कपाळावर आहे. मुलांची वाचने घेताना बाई मध्ये मध्ये बोलत, तेव्हा ती सुई आकड्यांच्या मध्यापर्यंत जायची. गेले काही महिने ती अर्ध्यातच मागे येत होती. बाई कोमट पाणी पीत, घसा खाकरत आणि शिकवत राहत. मग एका सोमवारी त्या आल्याच नाहीत. त्यांच्या घशात गाठ निघाली होती. डॉक्टरांनी ती काढली, जीव वाचला, पण गाठीबरोबर आवाजही गेला.

मी परत कपाटात गेलो, कॅसेट पोटात ठेवूनच. नववीला इंग्रजी शिकवायला गणिताचे सर येऊ लागले. बिचारे भले गृहस्थ, पण ते कवितेचा सारांश फळ्यावर लिहीत आणि मुले उतरून घेत. इतक्यात संमेलन आले. गाण्याच्या बाईंनी आगगाडीला मला खाली आणायला पाठवले आणि आत कॅसेट असली तर तीच चालेल म्हणाल्या. जिन्याच्या वळणावर तिने मला पायरीवर ठेवले, कॅसेट काढली आणि कंपासपेटीतल्या करकटकाच्या टोकाने तिच्या कडेची एक बारीकशी चकती मोडून टाकली. कॅसेटच्या पाठीला अशा दोन चकत्या असतात, प्रत्येक बाजूची एक. जिची चकती मोडली त्या बाजूवर माझे लाल बटण दबतच नाही. म्हणजे ती बाजू कोणालाच पुसता येत नाही. तिने नीट पाहून दुसऱ्या बाजूचीच मोडली. आयुष्यात पहिल्यांदा तिने एखादे काम सावकाश केले. संमेलनाची गाणी पहिल्या बाजूवर गेली आणि आमचे गुपित शाबूत राहिले.

दोन महिन्यांनी बाई परत आल्या. गळ्याला रुमाल, हातात छोटी वही. बोलायला गेल्या की नुसती हवा यायची. हेडसर काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, चहा दिला, आणि ग्रंथालय सांभाळा म्हणाले. आवाजाशिवाय गणित शिकवता येईल एक वेळ, पण इंग्रजी कविता कशी शिकवणार, असा त्यांचा प्रश्न होता आणि तो खोटा नव्हता. बाईंनी वहीत लिहिले, 'एक तास द्या. बघा आणि मग ठरवा.' हेडसरांनी दहा दिवसांनंतरचा बुधवार दिला. तो तास जमला तर नववी बाईंची. नाही जमला तर ग्रंथालय.

ही बातमी वर्गात पोहोचायला मधली सुट्टीही लागली नाही. मुले बाईंभोवती गोळा झाली. जो तो काहीतरी सुचवत होता. कोणी म्हणे, मोठी अक्षरे लिहून आणू. कोणी म्हणे, बाईंनी ओठ हलवावेत आणि पहिल्या बाकाने बोलावे. एकाने उसासा टाकून म्हटले की आधी एकदा तरी बाईंचा आवाज घेऊन ठेवायला हवा होता. तेव्हा आगगाडी उभी राहिली.

"आहे. बाईंचा आवाज आहे. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला. ती तेव्हा उलटी लागली होती."

बाईंनी तिच्याकडे पाहिले, खडू घेतला आणि फळ्यावर एकच शब्द लिहिला. 'लागली?'

कोणीही 'पळाली' म्हणून ओरडले नाही. आगगाडीने स्वतःच वाक्य दुरुस्त केले.

"मी उलटी लावली. आणि तुम्हाला न विचारता चालू राहू दिली. मग भीतीनं सांगितलं नाही."

वर्ग मात्र आनंदाने वेडा व्हायचा बाकी होता. नावाड्याची पूर्ण कविता बाईंच्या आवाजात! बुधवारी हेडसरांसमोर तीच लावायची, बाईंनी नुसते बोट दाखवत उभे राहायचे, झाले काम. मला मुठीला धरून बाई रिकाम्या प्रयोगशाळेत घेऊन गेल्या आणि दार लावून घेतले.

त्या अर्ध्या तासाचा साक्षीदार मी एकटा आहे. मी त्यांना त्यांचाच आवाज ऐकवला. आधी त्या हात मांडीवर ठेवून बसून होत्या. मध्ये एका जागी कॅसेटवरच्या बाईंच्या हातातला खडू मोडतो आणि त्या हसतात. ती जागा त्यांनी तीनदा मागे घेऊन ऐकली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते पुसायचेही त्यांना सुचत नव्हते. मला त्या वेळी फार वाटले की आपण नुसते यंत्र नसायला हवे होतो. मग त्यांनी नाक पुसले, वही उघडली, पेन्सिल घेतली, मला पुन्हा पहिल्यापासून लावले आणि जसे मुलांच्या वाचनाचे करत तसे स्वतःच्या तासाचे मोजमाप करायला बसल्या. मित्रांनो, मी पुष्कळ माणसे ऐकली आहेत. असे माणूस मी दुसरे पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी ते मोजमाप फळ्यावर आले. 'बाईंनी विचारलेले प्रश्न, तेवीस. उत्तरासाठी थांबल्या, दोनदा. बाकी एकवीस उत्तरे बाईंनीच दिली.' खाली एक रेघ, आणि रेघेखाली लिहिले होते, 'बाई सुरेख बोलतात. मुलांना जागा ठेवत नाहीत. बुधवारी ही बाजू लावायची नाही.'

मुलांची तोंडे उतरली. आगगाडी तर रडकुंडीला आली. हातातोंडाशी आलेला घास बाईंनी स्वतःच दूर सारला, असे सगळ्यांना वाटले. मलाही वाटले. खरे सांगायचे तर मला त्यांचा थोडा रागच आला होता.

बुधवार उजाडला. हेडसर मागच्या बाकावर येऊन बसले, गुडघे बाकात अडकवून. बाईंनी फळ्यावर कवितेचे शेवटचे कडवे लिहिले आणि बाजूला उभ्या राहिल्या. दोन बोटे म्हणजे पुन्हा. तळवा खाली म्हणजे सावकाश. हात कानाशी म्हणजे ऐका. एवढ्या खुणा मुलांना पाठ झाल्या होत्या. एकाने ओळ वाचली, मी घेतली, मी ऐकवली. दुसऱ्याने वाचली. तिसरीने वाचली. मग बाईंनी त्या तीन शब्दांखाली खडूने एक रेघ ओढली आणि भुवया वर केल्या.

कोणीच बोलेना. घड्याळ ऐकू येऊ लागले. हेडसर खुर्ची नसल्याने बाकावरच अस्वस्थपणे सरकले. पूर्वीच्या बाईंनी एवढ्यात उत्तर देऊन टाकले असते. या बाई थांबल्या. आणखी थांबल्या. माझ्या पोटातली फीत फिरत होती आणि तिच्यावर काहीच जात नव्हते. मला धडकी भरली.

मग खिडकीजवळचा मुलगा म्हणाला की नावाडी थकलाय, म्हणून कवीचे शब्दही संपले. बाईंनी फळ्यावर लिहिले, 'पुरावा?' मुले पुस्तकावर तुटून पडली. दुसरी एक मुलगी म्हणाली की तो थकलेला नाही, कारण मागच्याच ओळीत तो दोराला दोन गाठी मारतो, आणि थकलेला माणूस एकीवर भागवतो. तिसऱ्याने म्हटले की त्याला लोकांचा राग आहे. पुरावा? तो काही मिळेना, तेव्हा त्याने आपणहून मत मागे घेतले. गलका वाढला, पण तो पुस्तकातल्या ओळींवरूनच चालला होता. आणि मग आगगाडी उठली. ती थांबून थांबून बोलत होती, बोट ओळीवरून सरकवत.

"बाई, पाण्याला कवीनं चार ओळी दिल्यात. होडीला दोन. दोराला एक. पुलाला मात्र एक विशेषणसुद्धा नाही. नुसता पूल. म्हणजे नावाडी तिकडे बघतच नाही. त्याचं काम संपलंय हे लोकांना वाटतंय, त्याला नाही. म्हणून शेवटची ओळ अशी साधी आहे. रोजच्यासारखी."

बाईंनी 'पुरावा' लिहायला उचललेला खडू खाली ठेवला. तो तिने आधीच दिला होता.

नंतर जे झाले ते कोणीच ठरवले नव्हते. बाई पुस्तक घेऊन थेट मागच्या बाकाशी गेल्या आणि त्यांनी ते हेडसरांपुढे धरले. आगगाडी मला घेऊन धावली आणि नियमाप्रमाणे विचारती झाली, "सर, तुमचा आवाज घेऊ का?"

हेडसर गोंधळले, पण हो म्हणाले. त्यांनी घसा साफ करून ती ओळ वाचली, अगदी प्रार्थनेनंतर सूचना देतात तशी. मी ती ऐकवली. एक जण फिसकन हसला. हेडसरांनी खाली मान घालून स्वतःचा आवाज ऐकला. मग त्यांनीच दोन बोटे वर केली, पुन्हा. या वेळी त्यांनी आधीच्या ओळीनंतर थांबून, हळू, काही विशेष नसल्यासारखे वाचले. 'आणि परत वल्हवत आला.' कोणी हसले नाही.

"बाई," ते म्हणाले, "माझं पहिलं वाचन पुसणार ना?"

बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये शुक्रवारावर बोट ठेवले. हेडसर बाकातून गुडघे सोडवून उठले आणि दारातून जाता जाता तिथे डोकावणाऱ्या कारकुनांना सांगून गेले की ग्रंथालयासाठी दुसरे कोणी बघा, नववीचे इंग्रजी आहे तिथेच आहे. वर्गात असा आरडाओरडा झाला की माझी सुई टोकाला जाऊन चिकटली.

शुक्रवारी शेवटच्या तासाला बाईंनी पहिली बाजू पुसायला लावली. पेने कुरकुरू लागली. हेडसरांचे पहिले वाचन गेले, दुसरेही गेले, मुलांची सगळी भांडणे गेली. अर्धा तास झाला, 'खट्' झाले. एवढ्यावर थांबतील त्या बाई कसल्या? त्यांनी कॅसेट काढली आणि उलटी घातली. नियम सगळ्यांना सारखा. वर्गाच्या लक्षात आले तेव्हा पेने थांबली. बाईंनी माझ्या लाल बटणावर बोट ठेवले आणि दाबले.

ते दबले नाही. त्यांनी पुन्हा दाबले. मी दगडासारखा राहिलो. मला ठाऊक होते, आगगाडीला ठाऊक होते, बाकी कोणाला नाही. बाईंनी कॅसेट उजेडात धरली आणि मोडलेल्या चकतीची जागा पाहिली. त्या वळल्या. त्यांनी खडू घ्यायच्या आत आगगाडी उभी होती.

"मी मोडली. मुद्दाम मोडली."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. ती बसली नाही.

"तेव्हा विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "आता विचारते. बाई, तुमचा आवाज ठेवू का?"

बाईंना उत्तर द्यायला फार वेळ लागला. मुले थांबली. त्यांना आता थांबता येत होते. शेवटी बाईंनी मान हलवली. हो. आणि त्या हसल्या. आवाज नव्हता, पण ते तेच हसणे होते, खडू मोडल्यावरचे. मी दोन्ही ओळखतो.

या गोष्टीला पुष्कळ वर्षे झाली. बाईंनी त्यानंतर अकरा वर्षे नववीला इंग्रजी शिकवले. माझ्यानंतर शाळेत चकचकीत यंत्रे आली. माझा पट्टा दोनदा तुटला, एक बटण पडले आणि मी परत कपाटात आलो. पृथ्वीगोल अजून तिथेच आहे. पण माझी धूळ वर्षातून एकदा निघते. आगगाडी येते. ती आता रेल्वे स्टेशनवर सूचना देण्याचे काम करते आणि लोक म्हणतात की तिच्याइतक्या सावकाश सूचना कोणी देत नाही. कापूस आणि स्पिरिट ती बरोबर आणते. तिच्याबरोबर कधी कधी केस पिकलेल्या बाईही येतात, गळ्याला रुमाल बांधून. लावू का, असे आगगाडी दर वेळी विचारते आणि बाईंनी मान हलवल्यावरच बटण दाबते.

मित्रांनो, माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. हातातली वस्तू जपायची म्हणून तिला कुलपात कोंडू नका. ती वापरा, सोमवारी पुसा, म्हणजे ती टिकते. आणि ज्यांचे बोलणे रोज ऐकून तुम्हाला सवयीचे झाले आहे त्यांच्याकडे जाऊन एकदा विचारा, तुमचा आवाज घेऊ का. उद्यावर टाकू नका. आमच्या वर्गात बाईंचा आवाज एका पोरीच्या घाईने टिकून राहिला. दर वेळी अशी चूक कोण करणार?

दुसरी बाजू ऐकून झाली की आगगाडी कॅसेट उलटवते आणि पहिलीही लावते. तिच्यावर बाईंच्या नोकरीतल्या शेवटच्या शुक्रवारचा अर्धा तास आहे. कोणी बोलत नाही, नुसती पेने चालतात. अगदी शेवटी कोणीतरी खडू टेबलावर ठेवल्याचा आवाज येतो. तो बाईंनी ठेवला होता.